एलिट डेंजरसमधील ताऱ्यांचे चौकोनी ठोकळे कोणी रचले?

एलिट डेंजरस या अंतराळयान चालवण्याच्या व्हिडिओ गेमच्या गॅलेक्सी मॅपवर, म्हणजे आकाशगंगेच्या नकाशावर, ताऱ्यांचे समूह मध्येच सरळ रेषेत कापल्यासारखे दिसतात आणि त्यामागे एखाद्या प्राचीन परग्रहवासी संस्कृतीचा हात असावा असे अनेक खेळाडू मानतात, हा तर्क कितपत ग्राह्य आहे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते हा तर्क टिकत नाही, पण ज्या निरीक्षणावर तो उभा आहे ते अचूक आहे.

मी स्वतः केवळ न्यूट्रॉन ताऱ्यांचा फिल्टर लावून नकाशा आडवा केला, तेव्हा सुरीने वड्या पाडाव्यात तशी एक सरळ कड समोर आली. कडेच्या दोन्ही बाजूंच्या ताऱ्यांवर क्लिक करून पाहिले, तर त्यांच्या नावांचा पहिला भाग वेगवेगळा होता, म्हणजेच तिथे सेक्टर, अर्थात नकाशाचा विभाग, बदलत होता. या खेळातील सुमारे 400 अब्ज तारामंडले (तारे आणि त्यांचे ग्रह) स्टेलर फोर्ज ही प्रणाली तयार करते आणि त्यासाठी ती अवकाशाचे 1280 प्रकाशवर्षे बाजूचे घन, म्हणजेच हे सेक्टर, पाडते, ज्यांचे पुढे 640, 320 असे अर्धे अर्धे करत 10 प्रकाशवर्षांपर्यंत लहान घन होतात. तारामंडलाच्या नावात शेवटच्या अंकांआधी येणारे ‘ए’ ते ‘एच’ यांपैकी अक्षर त्या घनाचा आकार सांगते. तारामंडलाचे वस्तुमान जितके जास्त, तितका घन मोठा. त्यामुळे जड ताऱ्यांची दाटी घनाच्या सीमेवर एकदम बदलते.

सूर्याजवळच्या विसंगतींचे कारण मात्र निराळे आहे, कारण तिथे दीड लाखाहून अधिक खरे तारे खगोलशास्त्रीय सूच्यांमधून घेतलेले आहेत आणि सूचीतील चूकही त्यांच्यासोबत खेळात येते. कृत्तिका हे याचे उत्तम उदाहरण म्हणता येईल. हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांवरून हा तारकागुच्छ सुमारे 385 प्रकाशवर्षांवर ठरला होता, तर गाया उपग्रहाने तो सुमारे 444 प्रकाशवर्षांवर असल्याचे दाखवले. खेळातील मेरोपी हा कृत्तिकेतील तारा सूर्यापासून 380 प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तो जुन्या मोजमापाच्या जवळ राहिला आहे.

तरीही खेळाडूंच्या तर्कांना मी कधीच थिल्लर म्हणणार नाही. खेळातील अवकाशात सापडलेल्या अज्ञात वस्तू सतत एकाच दिशेला वळतात हे चिकाटीने टिपून ठेवणाऱ्यांनीच मेरोपीची दिशा शोधली आणि जानेवारी 2016 मध्ये तिथल्या एका ग्रहावर परग्रहवासीयांच्या विचित्र रचना खरोखर सापडल्या. त्या रचना खेळाच्या निर्मात्यांनी हेतुपुरस्सर ठेवलेल्या होत्या. माझ्या दृष्टीने फरक इथेच आहे: हेतुपुरस्सर ठेवलेली गोष्ट काहीतरी करते, म्हणजे वळते, आवाज काढते किंवा तुमच्या यानाला प्रतिसाद देते, घनाची कड यांपैकी काहीच करत नाही.

म्हणून तुम्हाला दिसलेल्या ठोकळ्याच्या कडेपलीकडचे तारे आधी तपासा. तिथे सेक्टरचे नाव बदलत नसेल आणि लहान घनाची सीमाही येत नसेल, तर तारामंडलाचे नाव मला अवश्य कळवा. मी स्वतः यान घेऊन तिथे जाईन.