समुद्रकाठी पातळ पत्र्याची नवी गाडी टिकेल का?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा देवबागला अगदी किनाऱ्यावर राहतात, त्यांच्यासाठी गाडी घ्यायची आहे, पण गावातले जाणते सांगतात, ‘पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा जाड, म्हणून त्या टिकल्या, आताच्या बोटाने दाबल्या तरी दबतात.’ मग खाऱ्या हवेत नवी गाडी टिकेल का, की ॲल्युमिनियमच्या बॉडीची शोधावी?

नवीच घ्या, बिनधास्त घ्या. पत्रा पातळ झालाय यात वाद नाही. पण गाडी किती टिकणार हे पोलाद कुठल्या जातीचं आहे, त्यावर कारखान्यात काय चढवलंय आणि पहिल्या ठोकरीनंतर ती कोणाच्या हातात पडते, यावर ठरतं. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मी आधी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग घडवतात तिथे होतो, आता रत्नागिरीजवळ गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. पत्रा घडतानाही पाहिलाय आणि सडताना तर रोज पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते दाबून बघणं. आमच्याकडेही बरेच जण दारावर अंगठा टेकवतात आणि म्हणतात, ‘‘ह्यो पत्रो नाय, पापड आसा!’’ अंगठ्याला कळतं ते फक्त पत्रा किती लवतो एवढंच. आणि गंमत म्हणजे साधं पोलाद असो की अतिमजबूत, जाडी आणि आकार सारखा असेल तर दोन्ही पत्रे तेवढ्याच दाबाला सारखेच लवतात. फरक दिसतो तो हात काढल्यावर. साधा पत्रा पोचा धरून बसतो, मजबूत पत्रा परत जागेवर येतो. आज दाराचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिमीचा असतो. तो बहुधा अशा पोलादाचा असतो, जे प्रेसखाली मऊ असतं, म्हणजे हवा तसा आकार घेतं, आणि नंतर रंगाच्या भट्टीत १७० अंशांच्या आसपास वीसेक मिनिटं राहिलं की आपोआप मजबूत होतं. पोलादात सुटा राहिलेला थोडासा कार्बन त्या उष्णतेत हलतो आणि धातूच्या आतले थर सरकायच्या जागा अडवून बसतो. रंग वाळवायच्या भट्टीतच पत्र्याला बळ आणायचं, ही युक्ती मला आजही फार आवडते.

तरीही अपघातात माणूस वाचतो तो या बाहेरच्या पत्र्यामुळे नाही. वाचवतो तो आतला सांगाडा: दोन दारांमधला पिलर, छताच्या कडा, दाराखालची सिल, दारातली आडवी पट्टी. खरी क्रांती इथे झाली आहे. पोलादाची ताकद मेगापास्कलमध्ये मोजतात; आकडा मोठा तेवढं ते मजबूत. जुन्या गाड्यांतलं साधं पोलाद ३०० मेगापास्कलच्या आसपास ताण सोसायचं. आता सांगाड्यात ५९०, ७८०, ९८० मेगापास्कलची पोलादं सर्रास येतात. पिलरसारख्या ठिकाणी बोरॉन मिसळलेलं पोलाद वापरतात, ते १५०० पर्यंत जातं. त्याची कृती बघण्यासारखी असते. पत्रा भट्टीत ९०० अंशांच्या वर तापवतात, लालभडक असतानाच प्रेसमध्ये घेतात आणि डाय, म्हणजे साचा, बंद करून काही सेकंद तसाच दाबून धरतात. डायच्या पोटातून थंड पाणी फिरत असतं. पत्रा तिथल्या तिथे आकार घेतो आणि त्याच क्षणी विझतो, म्हणजे लोहार कोयत्याला पाणी देतो तेच काम, फक्त साच्यात धरून. बाहेर येतो तो भाग इतका कठीण असतो की त्याला भोकं पाडायलाही बऱ्याचदा लेझर वापरावा लागतो. १९८४ साली स्वीडनच्या साब ९०००च्या दारांतल्या पट्ट्या अशा पोलादाच्या होत्या. आज तेच पोलाद आपल्या मधल्या किमतीच्या गाड्यांतही आहे.

विश्वास बसत नसेल तर कधी आमच्या शेडमध्ये या. साध्या दारावरचा स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारा वेल्डिंगचा ठिपका, नेहमीच्या ड्रिल बिटने सहज सुटतो. तोच बिट बोरॉनच्या पिलरला लावला की नुसता किंचाळतो, पिलरवर एक चकचकीत ठिपका पडतो आणि बिटाचं टोक निळं होतं. त्याला कार्बाइडचा कटरच लागतो, तोही बेताबेताने चालवावा लागतो.

आणि ‘जाड म्हणजे सुरक्षित’ या समजाची परीक्षा अमेरिकेत झाली आहे. तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची शेव्हरले मालिबू ताशी सुमारे ६४ किमी वेगाने एकमेकींवर आदळवल्या. जाड पत्र्याच्या जुन्या गाडीत चालकाची जागाच चेपली गेली; नव्या गाडीचं तोंड चुरगळलं, पण आतली खोली जवळपास शाबूत राहिली. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून त्यांना सुरक्षिततेचे तारे द्यायची पद्धत, सुरू झालीय, त्यातही समोरची धडक ६४च्याच वेगाने देतात. गाडी निवडताना अंगठा दाबण्यापेक्षा तिथले तारे बघा.

आता गंज. गावातल्या जाणत्यांचं इथे थोडं खरं आहे, ते मोकळेपणाने सांगतो. गंज जाड पत्रा खातो तेवढ्याच वेगाने पातळ पत्राही खातो, त्यामुळे एकदा सुरुवात झाली की पातळ पत्र्याला भोक लवकर पडतं. म्हणून तर पत्रा पातळ होत गेला तसं त्यावरचं संरक्षण वाढत गेलं. जुन्या पद्मिनी, जीप ‘टिकल्या’ म्हणतात, पण त्या काळच्या गाड्यांचा तळ ज्याने खाली झोपून पाहिलाय त्याला माहीत आहे की ठिगळावर ठिगळ जोडून त्या चालवल्या जात होत्या.

पहिलं संरक्षण झिंकचं. मिरकरवाड्याला नाहीतर मालवणला ट्रॉलर दुरुस्तीला ओढलेला असेल तेव्हा पंख्याजवळ बघा, झिंकचे ठोकळे बसवलेले दिसतील. खाऱ्या पाण्यात लोखंडाच्या आधी झिंक झिजतं आणि ते शिल्लक आहे तोवर लोखंड वाचतं. गाडीच्या पत्र्यावर तेच झिंक सात-आठ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थराने दोन्ही बाजूंना असतं. त्यामुळे दगडाचा ओरखडा पोलादापर्यंत गेला तरी शेजारचं झिंक काही काळ ती जखम सांभाळतं. पोर्शने १९७०च्या दशकाच्या मध्यात ९११ची बॉडी झिंकच्या पत्र्याची केली, ऑडीने १९८०च्या दशकात ऑडी १०० ही कुटुंबाची गाडी संपूर्ण झिंकची केली आणि मग बाकीच्यांनाही त्या वाटेने जावं लागलं. आपल्या गाड्यांत बऱ्याच ठिकाणी झिंक चढवल्यावर पत्रा पुन्हा तापवतात, म्हणजे झिंक आणि लोखंड एकमेकांत मुरतं. असा पत्रा राखाडी, मंद दिसतो. त्यावर रंग पक्का धरतो आणि स्पॉट वेल्डिंगही नीट होतं.

दुसरं संरक्षण त्याहून मोलाचं. तयार सांगाड्यावर आधी फॉस्फेटचा बारीक स्फटिकांचा थर चढवतात, मग तो अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. सांगाडा ऋण बाजूला असतो, रंगाचे धन कण त्याच्याकडे ओढले जातात. जिथे रंग बसला तिथे विजेची वाट अडते, मग ती अजून उघड्या असलेल्या कोपऱ्याकडे वळते आणि रंगही तिकडे जातो. त्यामुळे सिलच्या पोकळीत, पिलरच्या आत, जिथे कुठलीही स्प्रे गन पोचत नाही, तिथेही वीसेक मायक्रॉनचा थर बसतो. त्यानंतर सांध्यांना सीलर लावतात आणि बऱ्याच गाड्यांत पोकळ्यांमध्ये मेण मारतात.

एवढं असूनही देवबागला गाडी सांभाळावी लागणारच. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी. तिथे हवेतच मीठ आहे. मिठाचा कण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून घेतो, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलं राहतं. म्हणजे उन्हाळ्यात गाडी कोरडी दिसली तरी तिच्या तळाची खारी ओल हटत नाही. पावसाळ्याला लोक उगाच घाबरतात. पाऊस बाहेरचं मीठ धुऊन नेतो. जिथे पाऊस पोचत नाही तिथे, म्हणजे चाकाच्या कमानीच्या आत आणि तळाला, मीठ साचत जातं, आणि त्यावर आपली लाल माती बसली की ती ओल धरून ठेवते. किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन् महिने उभी असलेली गाडी रोज फिरणाऱ्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत येते ती याचमुळे. मासळीचे टेम्पो हे याचं टोक: खाऱ्या बर्फाचं पाणी गळून मागच्या चासीचे पापुद्रे हाताने सुटतात.

बाबांना एवढं सांगा की आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप तळाला आणि चारही कमानींत मारायचा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली की दार आतून सडतं. महिन्यातून एकदा काडी घालून बघायची. गाडी पुळणीत उतरवायची नाही, लाटेजवळ तर नाहीच. आणि ॲक्सेसरीच्या दुकानात अंडरकोटिंग मारून घ्यायची घाई नको. तळ न धुता, न वाळवता मारलेलं ते डांबरट काळं मीठ आतच कोंडतं आणि बऱ्याचदा तीच भोकं बुजवतं. मडफ्लॅप, फूटरेस्ट यांच्यासाठी सिलमध्ये स्क्रू मारू देऊ नका, गंज तिथूनच आत शिरतो.

ॲल्युमिनियमबद्दल. १९४८च्या पहिल्या लँड रोव्हरचे पत्रे ॲल्युमिनियमचे होते, कारण युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. पत्रे टिकले, खालची पोलादाची चासी गंजली. ऑडीने १९९४च्या ए८मध्ये सगळा सांगाडाच ॲल्युमिनियमचा केला. टेस्ला आता हजारो टनांच्या दाबाच्या यंत्रात गाडीचा मागचा तळ एकसंध ओतते. पण आपल्या बजेटमध्ये अशी गाडी मिळणार नाही, आणि मिळाली तरी किनाऱ्यावर मी ती सुचवणार नाही. ॲल्युमिनियम लाल गंज धरत नाही, पण मिठाने त्याला खड्डे पडतात आणि पोलादाच्या बोल्टशी खाऱ्या ओलीत गाठ पडली की बोल्टाभोवती ते पांढरं भुकटं होऊन जातं. दुरुस्तीला वेगळी हत्यारं, वेगळी जागा लागते, आणि तशी सोय तुमच्या आसपास शोधावी लागेल. आपल्या एसटीच्या बॉड्या वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमच्या, रिबिटांच्या होत्या; प्रवाशांच्या सुरक्षेसाठी महामंडळ माइल्ड स्टीलकडे, म्हणजे साध्या पोलादाकडे, वळलं, यावरूनही काय ते समजा.

आता दुरुस्ती. गाडी ठोकली, मडगार्ड गेलं, पिलरला धक्का बसला. बहुतेक ठिकाणी अजूनही गॅसची ज्योत लावून पत्रा तापवतात, ठोकून सरळ करतात, गॅस वेल्डिंगने जोड देतात, वर पुट्टी आणि रंग. ज्योत लागली की पांढरा धूर उठतो. तो जळणाऱ्या झिंकचा धूर. पुढून रंग मारता येतो, मागच्या बाजूचं जळालेलं झिंक आणि टाकीतला तो रंग परत कोणी देऊ शकत नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात तिथे फोड येतात. पुट्टी स्वतःही ओल पिते. आणि ज्योत बोरॉनच्या पिलरला लागली असेल तर साच्यात विझवून आणलेली त्याची सगळी ताकद गेली. दिसायला पिलर तसाच, पुढच्या धडकेत मात्र तो साध्या पत्र्यासारखा दुमडेल. हे बघून माझा जीव अक्षरशः तुटतो, कारण गाडीवाल्याला त्यातलं काहीच दिसत नसतं.

म्हणून काम देण्याआधी विचारा. स्पॉट वेल्डर आहे का? पातळ पत्र्याला कमी उष्णतेत तांब्याच्या मिश्रधातूच्या तारेने जोडणारं मिग ब्रेझिंग करतात का? जोडाच्या आत झिंक प्रायमर, वरून इपॉक्सी प्रायमर, सांध्याला सीलर आणि शेवटी लांब नळीने पोकळीत मेण, हे सगळं होणार का? बाहेरचा पत्रा नवा बसवता येत असेल तर ठोकून सरळ करण्यापेक्षा तोच बसवून घ्या. पिलरला किंवा सिलला मार असेल तर गाडी कंपनीच्या बॉडी शॉपमध्येच न्या, मग कुडाळ-रत्नागिरीपर्यंत जावं लागलं तरी हरकत नाही. विम्याचा सर्व्हेअर ‘सरळ करून घ्या’ म्हणाला, तर त्या भागासाठी कंपनीचं रिपेअर मॅन्युअल काय सांगतं ते लेखी मागा. अशा पोलादाचे भाग तापवून सरळ करायची परवानगी त्यात नसते.