पावसात गगनबावड्याकडं जाताना करकचून ब्रेक दाबला की पॅडल थरथरतं, पाय काढावा का?

अजिबात नाही. ती थरथर म्हणजे एबीएसचं (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिमचं) काम चालू आहे. चाक लॉक होऊ नये, म्हणजे फिरायचं थांबून घसरू नये म्हणून ब्रेक सेकंदाला अनेकदा सुटतो-लागतो. पाय तसाच घट्ट ठेवा अन् स्टेअरिंगनं मोकळ्या जागेकडं वळवा. वळवता येणं हाच तर त्याचा फायदा, अंतर कमी होईलच असं नाही.

एबीएस नसलेली जुनी गाडी असेल तर चाकं घसरताच ब्रेक जरा सैल करा, पुन्हा दाबा. करूळ घाट उतरताना आधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल नकोच. वेग दुप्पट झाला की थांबायला ब्रेकचं अंतर साधारण चौपट लागतं. आणि ट्रॅक्टरनं शेतातला चिखल डांबरावर आणलेला दिसला, की तिथं पोचायच्या आधीच वेग कमी करा. गुळगुळीत टायर असतील तर मात्र एबीएसही फारसं काही करू शकत नाही बघा.