विषय निवडायच्या आधी

बाबू, पीएच.डी.ला सोपा विषय कोणता, असं विचारलंस. तसा नसतोच. फरक असतो तो पुराव्याच्या जातीत.

गडचिरोलीत बंग दाम्पत्याने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. तुलनेची गावं नसती, तर मृत्यू कशाने घटले हे कोण सांगणार?

साहित्यात गावं नाहीत, पोथ्या असतात. महानुभाव पंथाची सकळ लिपी घे, एका अक्षराऐवजी दुसरं लिहायची सांकेतिक लिपी. रिद्धपूरला लाल कापडातून सोडलेली चार पानं मी उन्हाळाभर वाचत बसलो. एका मात्रेने अर्थ फिरला, मग दुसरी प्रत शोधत हिंडलो. (पाहुणचार मात्र झकास झाला.)

भौतिकशास्त्रवाला प्रत शोधत नाही, प्रयोग पुन्हा करतो. लंबकाचं एकच आंदोलन मोजू नको. वीस मोज नि वीसने भाग, म्हणजे स्टॉपवॉचवरच्या बोटाची चूकही विसाव्या हिश्शावर येते.

तुला धुळीने दमा लागतो, तेव्हा पोथ्यांचा विचार जरा जपून. कापूस वेचणी आटोपली की वही घेऊन घरी ये.