गोराईत तीन गुंठे जागा, हातात दहा हजार रुपये : भाजीबाग कशी आखावी, आच्छादन कशाचं करावं?

तीन गुंठे एकदम खणायला घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की गोराईचं आजोळचं घर आता तुमच्याकडे आलंय, मागची तीन गुंठे जागा हरळी आणि लव्हाळ्याने भरली आहे, विहीर आहे, दहाएक हजार खर्च करायची तयारी आहे आणि येत्या पावसाळ्यापासून घरची भाजी खायची आहे. आखणी कशी करू आणि आच्छादनाला स्वस्तात काय वापरू, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. माझ्या मते पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे. बाग केवढी करायची हे जागेवरून ठरवू नका, पावसाआधी तुमच्याकडे पालापाचोळा किती जमतो त्यावरून ठरवा. जेवढी माती झाकता येईल तेवढीच उघडा. मी मढला अशाच रेताड जमिनीत, खाऱ्या वाऱ्यात बरीच वर्षं भाजी करते आहे, आणि नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हेच आधी सांगते.

आपल्याकडे नोव्हेंबर ते मे जवळपास थेंब पडत नाही आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. उघडी माती एप्रिलमध्ये भाजून निघते आणि जुलैत झोडपली जाते. पावसाच्या माऱ्याने वरची बारीक, कसदार माती वाहून जाते, उरलेली घट्ट बसते आणि चिखलाचे शिंतोडे पानांच्या खालच्या बाजूला उडून बुरशी चढते. वर चार बोटं पाला असला की हे तिन्ही त्रास एकदम कमी होतात. उन्हाळ्यात पाणी वाचतं ते वेगळंच.

आता हिशोब. साडेतीन फूट रुंद आणि वीस फूट लांब असे पाच गादीवाफे, मध्ये दीड-दीड फुटाच्या वाटा. एवढ्याला साधारण अर्धा गुंठा लागतो. वाफ्यांचं क्षेत्र झालं ३५० चौरस फूट. त्यावर सुका पाला सहा इंच तरी पसरायला हवा, कारण भिजला की तो दोन-तीन इंचांवर येतो. म्हणजे १७५ घनफूट पाला, आणि तांदळाच्या मोठ्या गोणीत दाबून भरला तर साडेतीन घनफुटांच्या आसपास मावतो. म्हणजे पन्नास गोण्या. तीनही गुंठे असे करायचे म्हटले तर तीनशे गोण्या लागतील. पन्नास गोण्या एक कुटुंब दोन-तीन महिन्यांत गोळा करू शकतं, तीनशे नाही. म्हणून पहिल्या वर्षी अर्धा गुंठा भाजी. उरलेल्या अडीच गुंठ्यांचं काय ते पुढे सांगते, ती जागा रिकामी राहणार नाही.

आत्ता जानेवारी आहे, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत. आता ते एप्रिलपर्यंत पानगळ चालते. बोरिवलीतल्या सोसायट्यांमधून पाला ढीगभर मिळेल, पण जेट्टीवरून बोटीने गोण्या नेणं जिकिरीचं आहे आणि टेम्पो आणायचा तर भाईंदर-उत्तनमार्गे वळसा पडतो, भाडंच अंगावर येतं. त्यापेक्षा गोराईतच विचारा. आसपासच्या वाड्या, बंगले, रिसॉर्ट यांच्याकडे रोज आंबा-फणसाचा पाला झाडला जातो आणि बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात पेटवला जातो. झाडलोट करणाऱ्या माणसाला रिकाम्या गोण्या देऊन ठेवा, भरल्या की उचला, त्याच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवा. आंब्या-फणसाची पानं जाड, हळू कुजणारी, त्यामुळे आच्छादन म्हणून उत्तम. देशी बदामाची पानं मोठी असतात, ती एकावर एक चिकटून पत्र्यासारखी बसतात आणि खाली पाणी जाऊ देत नाहीत. ती पायाने चुरून इतर पाल्यात मिसळा. गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं महिनाभरात मातीत जिरतात. खत म्हणून छान, झाकण म्हणून अपुरी.

नारळ असतील तर झावळ्या फेकू नका. कोयत्याने हातभर तुकडे करून पाल्याच्या वर टाका, म्हणजे समुद्राच्या वाऱ्याने पाला उडत नाही. नारळाची सोडणं (वरची साल) वाटांच्या कडेला पालथी रचा. शहाळीवाल्याकडची शहाळी फुकट मिळतात, पण ती चिरूनच आणा आणि पालथीच ठेवा. उताण्या शहाळ्यात आणि करवंटीत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच होतात. रसवंतीची चिपाडंही चांगली, फक्त ताजी टाकली तर गोडीने मुंग्या येतात, म्हणून आठवडाभर उन्हात पसरून मग वापरा. ओळखीत कोणी भातशेती करणारं असेल तर पेंढा मागून ठेवा. पुठ्ठ्याचे खोके किराणा दुकानदार आनंदाने देतो. त्यावरची चिकटपट्टी आणि पिना काढा, गुळगुळीत रंगीत छपाईचे खोके बाजूला ठेवा. प्लायवूडचा भुसा मात्र नकोच, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

जाळण्याबद्दल एक सांगते, कारण घरातलं कोणी वडीलधारं हमखास सुचवेल. कोकणात भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, राब भाजतात, पाला-शेण पसरून पेटवतात. त्याला त्याची कारणं आहेत. भाजीच्या वाफ्याला मात्र तो पाला न जाळता मिळालेला बरा. राख पहिल्या दोन सरींत धुऊन जाते, पाला वर्षभर माती धरून ठेवतो.

मार्चमध्ये ठरवलेल्या अर्ध्या गुंठ्यात कुदळ मारा आणि हरळीची मुळं, लव्हाळ्याच्या गाठी वर काढून एप्रिलच्या उन्हात वाळू द्या. एवढाच काळ माती उघडी राहिली तर चालेल, किंबहुना हवीच. लव्हाळा पुठ्ठाही भोसकून वर येतो, त्याला ऊन आणि हात हाच उपाय. मेमध्ये वाटांमधली माती उचलून वाफ्यांवर चढवा, वाफे फूटभर उंच झाले पाहिजेत. आपल्या पावसात सपाट वाफ्यात मुळं कुजतात. त्यावर कुजलेल्या शेणखताचा इंचभर थर, या पाच वाफ्यांना आठ-दहा गोण्या. ताजं शेण घालू नका, ते तापतं आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येते. मेच्या अखेरीस वाटांमध्ये पुठ्ठे एकमेकांवर अर्धा फूट चढवून अंथरा, त्यावर झावळ्या. वाफ्यांवर पाला. घराच्या भिंतीपासून फूट-दीड फूट जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवीला आयती वाट मिळते.

मांडव उत्तरेच्या बाजूला घाला, म्हणजे हिवाळ्यात वाफ्यांवर सावली पडणार नाही. पश्चिमेला केळी आणि गवती चहा लावा, खारा वारा अडतो. न्हाणीचं पाणी केळींकडे वळवा. नारळाच्या सावलीत टोमॅटो-वांग्याचा हट्ट करू नका, तिथे अळू, सुरण, हळद, आलं लावा. ही पिकं जाड आच्छादनावर खूश असतात.

पहिल्या पावसाळ्यात वेलभाज्या घ्या : दोडकं, कारलं, पडवळ, काकडी. जोडीला भेंडी आणि चवळी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची वाणं मिळाली तर तीच घ्या, दोडक्यात कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा, काकडीत शीतल. ही सरळ वाणं आहेत, संकरित नाहीत, त्यामुळे वेगवेगळी वाणं शेजारी लावली नाहीत तर घरचं बी धरता येतं आणि पुढच्या वर्षी तो खर्च वाचतो. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपं सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरमध्ये. माठ, मेथी, कोथिंबिरीला एक वाफा पाल्याशिवाय ठेवा, एवढं बारीक बी पाल्यातून वर येत नाही.

पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचतो. पेरायच्या जागी पाला हाताने वीतभर बाजूला करा, बी टोका, रोप वीतभर झालं की पाला परत जवळ ओढा. खोडाला मात्र कधीही टेकू देऊ नका, तीन बोटं मोकळी हवीत. जुलैत झड लागली की आच्छादन पातळ करा आणि जास्तीचा पाला वाटेत ओढा. सतत ओल्या जाड थरात गोगलगायी वाढतात, आणि मुंबईत आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत कोवळ्या वेलांचा फडशा पाडते. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून त्याखाली पपईची पानं ठेवा, सकाळी त्याखालच्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगात परोपजीवी असू शकतात. गोगलगायी अडवायला ओढलेली चुन्याची रेघ आपल्या पावसात टिकत नाही.

स्वयंपाकघरातला ओला कचरा पाल्याखाली ढकलण्याचा सल्ला बऱ्याच जणांकडून मिळेल. मुंबईत ते करू नका. घुशी येतात, वाफे पोखरतात, आणि पावसात उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाची भीती असते. ओला कचरा झाकणाच्या पिंपात वेगळा कुजवा आणि चिखलात उतरताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर बागेत उतरूच नका.

आता ते अडीच गुंठे. तिथे पुढच्या वर्षीचं आच्छादन पिकवा. जूनमध्ये उंचवट्याच्या भागात ताग (हिरवळीच्या खताचं पीक) फेका, गुंठ्याला अर्धा-पाऊण किलो बी पुरे. जिथे पाणी साचतं किंवा जमीन खारट आहे तिथे धैंचा हे तसंच दुसरं पीक, तो दोन्ही सोसतो. सहा-सात आठवड्यांनी फुलं दिसू लागली की कापा. अर्धा जागेवरच पडू द्या, अर्धा वाफ्यांवर आणा. कुंपणाला गिरिपुष्पाचे (काही जण उंदीरमारी म्हणतात) चार-चार फुटांचे दांडे पहिल्या पावसात रोवा. वर्षभरात कुंपण उभं राहतं आणि मग दरवर्षी तीन-चार वेळा हिरवा पाला छाटायला मिळतो. त्यात नत्र भरपूर असतं, कोरड्या पाल्यासोबत तो पडला की माती भुसभुशीत होत जाते. दुसऱ्या वर्षी एक गुंठा भाजी, तिसऱ्या वर्षी हवं तर दीड. गोण्या गोळा करणं तोवर जवळजवळ थांबलेलं असेल.

पैशांचं म्हणाल तर निम्मे शेणखत आणि टेम्पोत जातील, त्यामुळे खत एकाच खेपेत आणा आणि शेजाऱ्याला हवं असेल तर भाडं वाटून घ्या. मग बांबू-सुतळी, कुदळ, फावडं, घमेलं, खुरपं, बी. ठिबक पहिल्या वर्षी नको. मल्चिंग पेपर, म्हणजे आच्छादनाचं प्लास्टिकही नको. शेतकऱ्याला कलिंगडात तो परवडतो, कारण त्याखाली ठिबक असतं आणि हंगाम संपला की तो गुंडाळतो. घरच्या बागेत त्याच्या चिंध्या मातीत राहतात, आणि तो कुजून मातीला काहीच देत नाही.

राहिली विहीर. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पाणी चाखून बघा. खारट लागायला लागलं की त्या पाण्यावर वांगी-मिरची ओढत बसू नका. उन्हाळ्यात शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज लागतं. मचूळ पाणी रोज एवढं ओतलं की मीठ मातीत साठत जातं, आणि ते धुवायला पाऊसच यावा लागतो. त्या दोन महिन्यांत चार वाफे जाड पाल्याखाली झाकून विश्रांतीला ठेवा, आणि गोडं पाणी जेवढं मिळेल तेवढ्यावर एकच वाफा माठाचा चालू ठेवा.