भावाला स्किझोफ्रेनिया. एमआरआय नॉर्मल, तरी डॉक्टर म्हणतात मेंदूतल्या जोडण्यांचा दोष. मग भाऊ नाटक करतोय का?

नाही, तुमचा भाऊ नाटक करत नाहीये. माझ्या आईलाही बावीस वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. शेजारचे लोक आपल्या नळाच्या पाण्यात काहीतरी मिसळतात, याबद्दल तिला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. एमआरआय तिचाही नॉर्मलच होता.

साध्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव अशा गोष्टी दिसतात. डॉक्टर बोलतायत ते श्वेतद्रव्याबद्दल, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांबद्दल. तंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण असतं, म्हणून तो भाग पांढरट दिसतो, आणि या आवरणामुळेच संदेश वेगाने पोचतात. तंतूंची ही वीण डीटीआय नावाच्या तपासणीत मोजतात. त्यात पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने कसे सरकतात ते बघतात. २०१८ साली एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने स्किझोफ्रेनियाच्या १,९६३ रुग्णांची २,३५९ निरोगी माणसांशी तुलना केली. पंचवीसपैकी वीस भागांत रुग्णांचं मोजमाप कमी भरलं. पण हा फरक सरासरीतला आहे, आणि लहान आहे. एकट्या माणसाच्या स्कॅनवरून आजार ओळखता येत नाही, म्हणून डीटीआयच्या मागे पैसे घालवू नका.

आता यातून भ्रम कसा होतो? अजून सिद्ध झालेली नाही, पण मला सगळ्यात पटलेली उपपत्ती अशी: आपण बोलतो तेव्हा मेंदूचा पुढचा भाग ऐकण्याच्या भागाला आधीच वर्दी देतो, 'हा आवाज आपलाच आहे.' वर्दी उशिरा पोचली तर आपलंच काहीतरी परकं वाटतं. ते परकेपण त्या माणसाला खरोखर जाणवतं, आणि मन त्याला कारण शोधतं: कुणीतरी माझ्या डोक्यात बोलतंय, कुणीतरी विचार घालतंय. त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची गडबड झाली की किरकोळ गोष्टीलाही भलतंच महत्त्व येतं. नळाचा आवाजसुद्धा मग नुसता आवाज राहत नाही. आजची बहुतेक औषधं या डोपामिनवरच काम करतात.

मी आईसमोर तेच पाणी पिऊन दाखवायचो. ती म्हणायची, "तुला काही होणार नाही रे, त्यांना मी हवी आहे." पुढे वाद घालणं सोडलं. "आई, भीती वाटतेय का?" एवढंच विचारायचो आणि गोळ्यांची वेळ चुकू द्यायचो नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी तिने त्याच नळाखाली चहाचं भांडं धरलं.