उत्तर: घर जागेवरच, मग फोनातली उंची रोज का बदलते?

खानापूरच्या घरात बसून फोनमधलं ऍप सकाळी एक उंची दाखवतं, दुपारी दुसरी. मग असल्या यंत्राच्या भरवशावर विमान बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरतं कसं, हा तुमचा प्रश्न. हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनातला बॅरोमीटर काय किंवा विमानातला अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र काय, मोजतात तो हवेचा दाब. उंची हा त्यावरून बांधलेला हिशेब. अल्टिमीटरमध्ये आतली हवा काढून सीलबंद केलेली पातळ पत्र्याची डबी असते. विमानाच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे स्टॅटिक पोर्टमधून, बाहेरचा दाब तिच्याभोवती पोचतो. वर जाल तसा दाब घटतो, डबी फुगते, काटा सरकतो. नव्या विमानांत काटे गेले, संगणक आले, छिद्रं मात्र राहिली. 1996 साली एरोपेरू या पेरूच्या विमान कंपनीचं विमान धुताना त्यांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली. रात्री समुद्रावर वैमानिकांना ना उंची खरी दिसे, ना वेग. 70 च्या 70 जण गेले.

आता तुमच्या आकड्याकडे. हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात; एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे ढोबळमानाने 30 फूट. आपल्याकडे दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारला उतरलेला. तेवढ्यानेच शंभरेक फुटांचा फरक पडतो बघा. पावसाळ्यात आणखी.

म्हणून अल्टिमीटरला एक खुंटी असते. विमानतळाचा टॉवर त्या वेळचा, समुद्रसपाटीच्या हिशेबात बदललेला दाब सांगतो, वैमानिक तो बसवतो. मग सांबऱ्याच्या धावपट्टीवर उभ्या विमानात सुमारे 2,500 फूट दिसतात. मैदान तेवढं उंच आहेच की! दाब 1005 हेक्टोपास्कल असताना खुंटी 1013 वरच राहिली, तर काटा 240 फूट जास्त दाखवणार. ढगात, घाटमाथ्यावर, हे जिवाशी येतं.

बरंच वर गेल्यावर मात्र सगळेच मुद्दाम 1013.25 हा समुद्रसपाटीचा प्रमाण दाब लावतात. चुकले तरी सारखेच चुकतात, त्यामुळे दोन विमानांमधलं अंतर टिकतं.

पायाखालची जमीन किती खोल, हे रेडिओ अल्टिमीटर लहरी खाली सोडून मोजतो, पण साधारण 2,500 फुटांपर्यंतच.

आणि ते ऍप विमानात उघडू नका. फोन केबिनमधला दाब मोजतो. विमान 35,000 फुटांवर असलं तरी तो सहा-आठ हजारच सांगेल.