‘खंडकरी’ म्हणजे खंड देणारा की घेणारा?

प्रश्न असा आला आहे की, खंडाने जमीन कसणारा तो खंडकरी, असे असताना श्रीरामपूर-कोपरगावकडे जमिनीच्या मूळ मालकालाच खंडकरी का म्हणतात?

‘खंड’ म्हणजे पिकाच्या वाट्याऐवजी आधीच ठरवून टाकलेली रक्कम. ‘खंडून घेणे’ आणि ‘खंडणी’ ही याच घरातली. ‘करी’ हा प्रत्यय मात्र देवघेवीची दिशा सांगत नाही. भाडेकरी भाडे देतो, वाटेकरी वाटा घेतो. त्यामुळे व्याकरणाला दोन्ही अर्थ चालतात, आणि निवाडा इतिहासाकडे जातो.

गोदावरीचे कालवे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण यांमुळे दुष्काळी नगर जिल्ह्यात पाणी आले. पण बारमाही उसाला लागणारे भांडवल लहान शेतकऱ्याजवळ नव्हते, म्हणून हरेगाव, साकरवाडी अशा ठिकाणी खासगी साखर कंपन्यांनी त्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. आता खरा खंडकरी, म्हणजे खंड भरणारा, कंपनी झाली. पण तिला गावात ‘कंपनी’ हेच नाव पुरेसे होते. नवे नाव हवे होते ते सातबाऱ्यावर मालक असूनही नांगर न धरणाऱ्या माणसाला, आणि ते त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या रकमेवरून मिळाले. माझ्या मते अर्थ उलटला तो इथे.

या शब्दात पाणी कुठेच नाही, हे मला अधिक बोलके वाटते. कालव्याचे पाणी कसणाऱ्याच्या अर्जावर मंजूर होते. साहजिकच पाण्याची पाळी, पाणीपट्टी, पाटाचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी होणारी हुज्जत हे सारे कंपनीकडे गेले आणि मालकाच्या हाती फक्त खंड राहिला. कोरडवाहूच्या भावाने ठरलेला खंड आणि बागायतीचे उत्पन्न यांतले अंतर पाण्यानेच पाडले होते. (प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हा ऊस उत्पादकाकडे जमीन आणि पाणी दोन्ही राहिले, तिथे त्याचे नाव ‘सभासद’ पडले.)

पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांकडच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेले राज्य सरकारचे शेती महामंडळ त्या कसू लागले. जमीन परत मागणाऱ्यांच्या लढ्यात ‘खंडकरी’ ही हक्काची ओळख बनली, इतकी की खंड कधी न पाहिलेले वारसही स्वतःला खंडकरीच म्हणवतात. म्हणून नगरच्या संदर्भात हा शब्द मूळ मालक अशाच अर्थाने वाचावा. कसणाऱ्यासाठी ‘खंडाने कसणारा’ असे स्पष्ट लिहिलेले बरे.